कुणाची पदवी कुठल्या विद्यापीठाची?

आमच्या कॉलेजच्या स्मरणिकेतलं, विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचं आणि अध्यापकांचं ‘आपले नामवंत’ हे प्रकरण छपाईला जाण्याआधी यादी एकदा नजरेखालून घाला, एवढंच प्राचार्यांनी सांगितलं होतं. प्रेसवाला सोळा पानांचा फर्मा, म्हणजे एकत्र छापायचा संच, अडवून बसला होता आणि त्याला संध्याकाळपर्यंत पानं हवी होती. यादीत साठेक नावं. कुठून आणली असं विचारल्यावर उत्तर आलं, “थोडी जुन्या स्मरणिकेतून, बाकीची नेटवरून, सर.” पहिल्याच पानावर अटलबिहारी वाजपेयी.

हे कसं झालं ते लगेच लक्षात आलं. वाजपेयी कानपूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात शिकले. ते कॉलेज त्या काळी आग्रा विद्यापीठाला जोडलेलं होतं आणि आग्रा विद्यापीठाला पुढे डॉ. भीमराव आंबेडकरांचं नाव मिळालं. ‘आंबेडकर विद्यापीठाचे माजी विद्यार्थी’ असं नेटवर शोधलं की आग्रा, लखनौ, लोणेरे आणि आपलं संभाजीनगर एकाच ढिगात येऊन पडतं. ज्या मुलाने यादी केली, त्याने ढीग उचलून तसाच टाइप केला होता.

अशी यादी तपासायची तर नावाकडे नंतर बघायचं, आधी उत्तीर्ण झाल्याचं साल काढायचं. आपल्या संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी झालं. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी. त्याआधी इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. मिलिंद महाविद्यालय १९५० सालचं आणि बाबासाहेब १९५६ साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत तिथून पदवीधर झालेला एकही विद्यार्थी मराठवाडा विद्यापीठाचा असूच शकत नाही. २७ जुलै १९७८ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला, पण विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव प्रत्यक्षात लागलं १४ जानेवारी १९९४ला. मधल्या वर्षांत काय काय घडलं ते मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि नांदेड, लातूर, परभणी हा भाग तिकडे गेला. हिंगोली तेव्हा परभणीतच होतं.

या तारखा कागदावर लिहून शेजारी ठेवल्या की निम्मी यादी आपोआप निवडून निघते. लातूरच्या कॉलेजातून १९८८ साली बी.एस्सी. झालेला माणूस मराठवाडा विद्यापीठाचा. त्याचं कॉलेज आज नांदेडकडे आहे म्हणून तो नांदेडचा होत नाही. मात्र १९९४-९५च्या आसपासचं नाव आलं की मूळ गुणपत्रक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. डॉक्टरांचंही तसंच. वैद्यकीय कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेली ती ते १९९८मध्ये स्थापन झाल्यानंतर. त्याआधी औरंगाबादच्या घाटीतून, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून, एम.बी.बी.एस. झालेल्यांची पदवी मराठवाडा विद्यापीठाची. परभणीचं मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२चं, स्वतंत्र. टाइप करताना ‘कृषी’ शब्द गळाला की तिथला शास्त्रज्ञ थेट आपल्या यादीत. असे दोन सापडले.

नरहर कुरुंदकरांचं नाव ‘स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे प्राध्यापक’ म्हणून छापलं जाणार होतं. कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते आणि १९८२ साली गेले. ते विद्यापीठ निघायला तेव्हा बारा वर्षं अवकाश होता. गाव एक म्हणून विद्यापीठही तेच, हा घोटाळा इतक्या ठिकाणी छापून आलाय की लोकांना आता तो खटकतही नाही.

दुसरी गल्लत माजी विद्यार्थी आणि अध्यापक यांची. भालचंद्र नेमाडे विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात शिकवत होते. शिकले मात्र पुण्या-मुंबईकडे. त्यांचं नाव अध्यापकांतच घ्यायचं. गंगाधर पानतावणे, यू. म. पठाण, सुधीर रसाळ ही मराठीची मंडळीही विद्यापीठात शिकवत होती. नागनाथ कोत्तापल्ले आधी मराठीचे प्राध्यापक आणि २००५ ते २०१० कुलगुरू. जनार्दन वाघमारे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि नांदेडचे पहिले कुलगुरू. सुखदेव थोरातांच्या नावापुढे ‘पीएच.डी.’ होतं, तेही या विद्यापीठाचं म्हणून. ते बी.ए.ला मिलिंदमध्ये होते, एम.ए. मराठवाडा विद्यापीठाचं, पीएच.डी. दिल्लीच्या जे.एन.यू.ची. विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद ठळक छापण्याच्या नादात पदवी कुठली हे कुणी पाहिलं नव्हतं.

दुपारनंतरचा सगळा वेळ खाल्ला तो एका निवृत्त न्यायाधीशांच्या नावाने. यादीत ‘मराठवाडा विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर’. कॉलेजचं जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांची नोंदवही, काढलं. बाइंडिंग सुटलेलं, पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, पण शेऱ्याचा रकाना शाबूत. त्यात लाल शाईने ‘बी.ए. (उस्मा.) १९५७’ आणि खाली टी.सी. दिल्याची तारीख. म्हणजे विद्यापीठ निघायच्या आधीचे. पुतण्याला फोन लावला तर तो चिडलाच.

“काका स्वतः सांगायचे, आम्ही पहिल्या बॅचचे म्हणून. तुमचं रजिस्टर चुकलं असेल.”

“पदवीचा कागद आहे का घरात? फोटो पाठवा, मग ठरवू.”

तासाभराने व्हॉट्सअपवर फोटो आला. ट्यूबलाइटची तिरीप काचेवर पडलेली, तरी वरची ओळ स्वच्छ वाचता येत होती, मराठवाडा विद्यापीठ. खाली साल १९६०. पण पदवी एलएल.बी.ची. तेव्हा कायद्याचा अभ्यासक्रम पदवीनंतर दोन वर्षांचा, त्यामुळे १९६० साल हिशेबात बसत होतं. काका खरं बोलत होते आणि रजिस्टरही बरोबर होतं. माणूस एक, विद्यापीठं दोन. आमच्याकडे फक्त बी.ए.ची नोंद असणार, कारण कायद्याचं कॉलेज वेगळं. नोंद अशी केली: ‘बी.ए., उस्मानिया विद्यापीठ, १९५७, एलएल.बी., मराठवाडा विद्यापीठ, १९६०’. पुतण्याने ‘पहिली तुकडी’ राहू द्या म्हणून आग्रह धरला. त्याला कागदाचा आधार नव्हता, तेव्हा ते शब्द काढले.

विद्यापीठाचं नाव त्या-त्या साली होतं तेच छापायचं, हेही तेव्हाच ठरलं. १९७०च्या पदवीपुढे आजचं नाव टाकायचं नाही.

सगळ्यात चिवट निघाल्या त्या यादीतल्या बायका. रजिस्टरात माहेरचं आडनाव, नावलौकिक सासरच्या आडनावाने, आणि मधलं वडिलांचं नाव बायोडाटात कुणी लिहीतच नाही. जन्मतारीख आणि बी.ए.चा आसन क्रमांक मिळाला तरच माणूस पटतो. शिक्षण खात्यात मोठ्या पदावर पोचलेल्या एका बाईंची नोंद अशीच लागेना. त्याच नावाच्या दोन मुली एकाच वर्षी होत्या. त्यांचं नाव थांबवलं. प्रेसला बाकीची पानं साडेसहाला गेली. बाईंची गुणपत्रिका आली की नाव शेवटच्या फर्म्यात घालायचं, तिथे अर्धं पान कोरं ठेवायला सांगितलं आहे.