लांब पल्ल्याची सीट आणि खोगीरभरती

जळगावहून मोटारसायकलवर पहाटे निघालं की पारोळ्यापर्यंत कुठलीही सीट चांगलीच वाटते. धुळं जवळ यायला लागतं तशी चुळबुळ सुरू होते. आधी डाव्या कुल्ल्यावर, मग उजव्या, मग टाकीला चिकटून, मग मागे सरकून. साक्रीच्या पुढे दहिवेलपर्यंत बुडाला मुंग्या येतात आणि कोंडाईबारीचा घाट येईपर्यंत लक्ष वळणांवर राहतच नाही, सगळं सीटवर असतं. सुरत अजून लांब असते. हा त्रास दर शंभर किलोमीटरला चहा घेऊन जात नाही. त्याचं कारण सीटच्या आत असतं आणि ते दुरुस्त करता येतं.

आपल्याकडे सीट अंगठ्याने दाबून घेतात. मऊ लागली की चांगली. पण अंगठ्याचा दाब वेगळा आणि सत्तर-ऐंशी किलोंच्या माणसाचा दोन हाडांवरून उतरणारा भार वेगळा. कुल्ल्यांच्या आत खाली दोन गोलसर टोकाची हाडं असतात, ज्यांच्यावर आपण खरे बसतो. मऊ स्पंजात ही हाडं सावकाश रुतत जातात. अर्ध्या-पाऊण तासात खालचा स्पंज पूर्ण चेपतो आणि हाड जवळजवळ प्लॅस्टिकच्या तळावर टेकतं. त्याच वेळी मधला स्पंज वर उचलला जातो आणि दोन मांड्यांमधल्या नाजूक भागावर दाबतो. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दबल्या की बधिरपणा येतो. म्हणून दुकानात पाच मिनिटं गादीसारखी वाटणारी सीट महामार्गावर फळीसारखी लागते.

मग माणूस त्यावर आणखी एक मऊ थर चढवतो. ही शब्दशः खोगीरभरती. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे बघायला जाल तेव्हा एखादं चांगलं खोगीर उलटं करून बघा. मधोमध मोकळी पन्हळ असते आणि दोन्ही बाजूंना घट्ट भरलेल्या गाद्या. घोड्याच्या कण्यावर भार येऊ नये, दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर यावा, म्हणून ती रचना. मोटारसायकलच्या सीटचं तत्त्व हेच आहे, फक्त इथे वरच्या जिवाची काळजी घ्यायची: हाडांखाली घट्ट आधार, मध्ये मोकळीक.

काम सुरू करण्याआधी स्वतःचं माप घ्या. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा लागेल. रावेर-यावलकडे केळीच्या खोक्यांचा तुटवडा नाही. पुठ्ठा दगडी ओट्यावर किंवा लाकडी स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, पायांखाली एकेक वीट घ्या आणि गाडीवर वाकता तेवढंच पुढे वाका. मिनिटभर न हलता बसून उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले असतील. बोटाने चाचपून त्यांचे मध्य शोधा आणि अंतर मोजा. बहुतेकांचं १० ते १५ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. यात दोन्ही बाजूंना चार-साडेचार सेंटिमीटर मिळवा. म्हणजे १३ चं माप असेल तर सीटवर जिथे बसता तिथे निदान २१-२२ सेंटिमीटर रुंदीचा सपाट भाग हवा. सपाट शब्द महत्त्वाचा आहे. बऱ्याच सीट्स वरून पाहिल्या तर रुंद दिसतात, पण माथा घोड्याच्या पाठीसारखा गोल असतो. हाडं उतारावर येतात आणि भार मधल्या भागावर जातो.

तुम्ही नेमके कुठे बसता हेही तपासा. काळ्या सीटवर खडूची पूड भुरभुरा, नेहमीच्या पँटमध्ये नेहमीसारखे बसा, सरळ वर उठा. पूड कुठे दबली ते दिसतं. पुढच्या निमुळत्या भागातच सगळी खूण आली तर सीट तुम्हाला पुढे ढकलते आहे.

हा पुढचा उतार फार छळतो आणि त्याकडे कोणी बघत नाही. गाडी मुख्य स्टँडवर न लावता कोणालातरी दोन्ही चाकांवर सरळ उभी धरायला सांगा आणि बसण्याच्या जागी पाणसळ (लेव्हल) ठेवून बघा. मोबाईलमधली पाणसळही चालते. सीट सपाट हवी किंवा पुढून किंचित वर. पुढे उतार असेल तर प्रत्येक ब्रेकला माणूस टाकीकडे घसरतो, मनगटांनी स्वतःला मागे रेटत राहतो, आणि संध्याकाळी खांदे दुखतात तेव्हा दोष हँडलला देतो. काही गाड्यांत सीटच्या पुढच्या जिभेखाली रबरी वॉशर घालून टोक आठ-दहा मिलिमीटर उचलता येतं. उचलल्यावर मागचं कुलूप पूर्ण बसतंय ना, हे सीट हाताने उपटून पाहा. अर्धवट अडकलेली सीट वळणावर सुटली तर काय होईल ते सांगायला नको.

आता भरावाचं. स्पंजाची घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनता म्हणजे एक घनमीटर स्पंजाचं किलोमधलं वजन. त्यावरून तो किती वर्षं टिकेल हे कळतं. कडकपणावरून तो किती दबेल हे कळतं. गादीवाल्याकडे मिळणारा साधा ३२ घनतेचा स्पंज सोफ्याला ठीक, गाडीला नाही. हाडांखाली रिबॉन्डेड फोम घ्या, तुकडे दाबून चिकटवलेला रंगीबेरंगी, ८० ते १०० घनतेचा. हातात घेतला की वजनदार लागतो, अंगठ्याने जेमतेम दबतो. तोच वर उघडा ठेवला तर टोचतो, म्हणून त्यावर १० ते १२ मिलिमीटरचा लवचिक, चांगल्या उसळीचा थर लागतो.

मेमरी फोमची भलामण खूप होते. तो तापमानाप्रमाणे वागतो: उन्हात लोण्यासारखा, थंडीत विटेसारखा. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो आणि जानेवारीच्या पहाटे धुळ्यात एक आकडी असतो. या दोन्ही टोकांना तो निरुपयोगी ठरतो. जेलची लादी उन्हात उभ्या गाडीवर तापते आणि बराच वेळ तापलेलीच राहते. बसवायचीच तर वरच्या फोमखाली, थेट रेक्झिनखाली नको. आणि कापूस? कपाशीचा मुलूख असल्यामुळे हा सल्ला हमखास मिळतो. कापूस घाम पितो, दडपला जातो, त्याचे गोळे होतात. गादी दरवर्षी पिंजून घेता येते, सीट नाही.

शक्य असेल तर मूळ सीटला हात लावू नका. जुन्या बाजारातून त्याच मॉडेलची फाटकी सीट आणा, तळ धड आहे एवढंच बघा. प्रयोग फसला तर गाडी रस्त्यावर राहते.

कव्हरच्या पिना चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने आणि पकडीने काढा. जुनं कव्हर फेकू नका, नव्याचं माप त्यावरून निघतं. खडूच्या पुडीच्या खुणांवरून मार्करने दोन हाडांच्या जागा काढा. त्यांना सामावणारा सपाट खळगा २५ मिलिमीटर खोल कापा. हॅक्सॉचं मोकळं पातं यासाठी उत्तम, लांब आणि लवतं. खळग्याखाली निदान तेवढाच जुना फोम उरला पाहिजे. त्यात २५ मिलिमीटरचा रिबॉन्डेड तुकडा बसवा आणि मधोमध ३० ते ४० मिलिमीटर रुंद, १० ते १५ खोल अशी पन्हळ मागून पुढे काढा. पन्हळीच्या कडा धारदार ठेवल्या तर त्याच टोचतात, म्हणून उतरत्या करा. मग सगळ्यावर वरचा पातळ थर.

चिकटवायला रबरी सोल्युशन, पांढरा फेव्हिकॉल नव्हे. तो वाळला की कडक पापुद्रा होतो आणि बसल्यावर करकरतो. सोल्युशन दोन्ही तोंडांना पातळ लावा, बोटाला चिकटेल पण तार ओढणार नाही इतपत सुकू द्या, मग एकदाच नेमकं बसवा. डब्यावर दहा-पंधरा मिनिटं लिहिलेली असतात, पण आपल्या उन्हाळ्यात पाच मिनिटांत ते सुकून जातं, तेव्हा काम सकाळी करा. वास डोक्यात जातो, म्हणून उघड्यावर बसा.

आकार द्यायला ग्राइंडरला ४० नंबरची फ्लॅप डिस्क लावा आणि हलक्या हाताने, फिरवत घासा. एका जागी टेकवली की खड्डा पडतो. तोंडाला मास्क हवाच, तो भुसा फुप्फुसांत जाण्यासारखा नाही. ग्राइंडर चालू असताना सोल्युशनचा डबा लांब ठेवा.

सीटच्या बाजूच्या कडा इथेच ठरतात. मांडीच्या आतल्या बाजूला कड लागत राहिली की पायांना मुंग्या येतात आणि सिग्नलला पाय नीट टेकत नाहीत. म्हणून टाकीजवळचा भाग अरुंद आणि कडा गोल, बसण्याचा भाग रुंद आणि सपाट. रुंदीचा मोह पुढेपर्यंत नेऊ नका.

उंचीचा हिशोब आधीच करा. रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४५० या गाडीच्या सीटला कंपनीनेच ८२५ आणि ८४५ मिलिमीटर अशा दोन उंच्या दिल्या आहेत. वीस मिलिमीटरला एवढं महत्त्व आहे. तुम्ही जितकं कापलं तितकंच भरलं तर उंची तीच राहते. उंच माणसाला मात्र वीस-पंचवीस मिलिमीटर वाढवून फायदा होतो, गुडघे कमी मुडपतात आणि मांड्याही थोडा भार घेतात.

कव्हर लगेच शिवू नका. जुनं कव्हर सैलसर ओढून टेपने बांधा आणि गाडी काढा. वीस मिनिटांच्या फेरीवर निकाल देऊ नका, पहिला अर्धा तास प्रत्येक सीट खोटं बोलते. जळगाव-धुळं नव्वदेक किलोमीटरचं आहे, एका दमात जा आणि परत या. परतताना जे दुखेल ते नोंदवा. दोन ठिपक्यांसारखं दुखत असेल तर आधार कमी आहे किंवा हाडांची जागा चुकली. पुढे बधिर होत असेल तर उतार किंवा अपुरी पन्हळ. माकडहाड दुखत असेल तर तुम्ही पोक काढून बसता आहात, किंवा सीटचा मागचा उंचवटा फार पुढे आला आहे. कातडीची आग होत असेल तर फोम निर्दोष, शिवण किंवा घाम दोषी. सुधारणा एका वेळी पाच मिलिमीटरचीच. कापलेला फोम परत जोडता येतो, पण तो जोड शेवटपर्यंत जाणवतो.

कव्हरवाल्याला दोन गोष्टी ठासून सांगा. बसण्याच्या जागी आडवी शिवण किंवा डिझाइनचे टाके नकोत. आणि कव्हर ढोलासारखं ताणू नका. ताणलेलं रेक्झिन झोळीसारखं भार वर उचलून धरतं, खाली केलेली सगळी मेहनत वाया जाते. सुरकुती पडणार नाही एवढाच ताण पुरे. धागा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा, सुती धागा पावसात कुजतो. तळ प्लॅस्टिकचा असेल तर पिना ६ मिलिमीटरच्या आणि स्टेनलेस स्टीलच्या. लांब पिना तळातून आरपार जातात आणि साध्या गंजून तुटतात.

रंग काळाच हवा असा नियम नाही. राखाडी किंवा फिकट तपकिरी रेक्झिन दुपारी खूपच सुसह्य असतं. गाडी उभी केली की सीटवर बागायती रुमाल टाका. उन्हाळ्यात वर जाळीचं, हवा खेळणारं कव्हर लावलं की घाम सुकत राहतो. त्याने आधार वाढत नाही, पण कातडी वाचते.

हवेची गादी हा सीट न कापता होणारा उपाय, आणि तो चांगला आहे. फक्त लोक ती ट्यूबसारखी टम्म फुगवतात आणि मग डुलत बसतात. वर बसून हवा सोडत जा, हाडं तळाला टेकायच्या जरा आधी थांबा. बूड आणि सीट यांच्यात एक-दीड सेंटिमीटर हवा पुरते. सकाळी भरलेली हवा दुपारी गरम होऊन फुगते, तेव्हा बारा-एकच्या सुमारास पुन्हा थोडी सोडा.

सीट बरोबर असूनही दुखत असेल तर मागचा खिसा बघा. पाकिटावर बसलेल्या माणसाची कंबर एका बाजूला उचललेली असते आणि चार तासांनी कळ पायात उतरते. जीन्सच्या जाड शिवणीही नेमक्या बसण्याच्या जागी येतात. आतून बिनशिवणीची, घाम लवकर सुकणारी चड्डी घाला. मग मागचे शॉकअप. एकट्याने जाताना प्रीलोड, म्हणजे शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण, डबलसीटच्या खाचेत राहिलेला असतो आणि प्रत्येक खड्डा कण्यात जातो. हँडल फार खाली आणि लांब असेल तर २० ते २५ मिलिमीटरचा रायझर, म्हणजे हँडल उचलणारा ठोकळा, लावा, पण दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लच-ॲक्सिलरेटरच्या वायरी ताणत नाहीत हे बघा.

पावसाळ्यात टाक्यांच्या भोकांतून फोम पाणी पितो आणि बाहेरून कोरडी दिसणारी सीट बसल्यावर पँट भिजवते. कव्हरखाली पातळ प्लॅस्टिकचा एक थर आधीच घातला असेल तर हे टळतं. नसेल तर सीट काढून उलटी, थोडी तिरपी उभी करा, तळाच्या छिद्रांतून निथळू द्या आणि पंख्याखाली दोन दिवस ठेवा. कडक उन्हात टाकू नका, वरचं रेक्झिन आकसतं आणि फोम आत ओलाच राहतो.