तिकडे कुणी आहे का?

आकाशदर्शनाच्या रात्री हा प्रश्न ठरलेला. शनीची कडी बघून होते, चहा फिरतो आणि कुणीतरी विचारतंच, "सर, आपल्यासारखं आणखी कुणी असेल का हो वरती?" तुम्हीही विचारलंत, म्हणून मनापासून जे वाटतं ते सांगतो.

जीव असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जीव फार चिवट असतो. 2020च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, ते खारट पाण्यातच फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. आपल्या आकाशगंगेत किमान 10 हजार कोटी तारे आहेत, आणि ताऱ्यांभोवती ग्रह असणं ही नवलाई राहिलेली नाही. एवढ्या पसाऱ्यात पृथ्वी सोडून सगळं निर्जीव, हे मला पटत नाही.

बुद्धिमान जीव मात्र फार विरळा असावेत. पृथ्वीचंच बघा ना. वय सुमारे 450 कोटी वर्षं. किमान 350 कोटी वर्षांपूर्वी इथे सूक्ष्मजीव होते, म्हणजे सुरुवात लवकर झाली. पण प्राणी आले ते साधारण 60 कोटी वर्षांपूर्वी. मधला एवढा प्रचंड काळ इथे एकही डोळा नव्हता, कान नव्हता. माणूस जेमतेम 3 लाख वर्षांचा, आणि आकाशातल्या रेडिओ लहरी आपण ऐकू लागलो त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. दुसरीकडे कुणी असेलच, तर त्यांचं आणि आपलं जागं असणं एकाच वेळी जुळायला हवं. तिथेच सगळं अडतं.

मे महिन्यात मध्यरात्री शौरी तारकासमूह डोक्यावर येतो. त्यात एम 13 नावाचा तारकागुच्छ आहे. आमच्या सहा इंची दुर्बिणीतून रांगोळीची चिमूट सांडल्यासारखा दिसतो. लाखो तारे आहेत त्यात. 1974मध्ये पोर्टो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीतून त्याच दिशेने एक संदेश पाठवला होता: शून्य आणि एकाचे 1679 अंक, त्यांतून माणसाची आकृती, आपली सूर्यमाला. हे मी सांगत होतो तेव्हा चौथीतली एक मुलगी दुर्बिणीला डोळा लावून होती.

"पोचला का?"

"नाही गं. सुमारे 25 हजार वर्षं लागतील."

"आणि उत्तर?"

"लगेच दिलं तरी आणखी तेवढीच."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं, आणि पुन्हा बघायला म्हणून रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.