पापाजींच्या चाचाजींची तोफ

आमच्या घरात एक फोटो आहे, हाताच्या पंजाएवढा. खाकी हाफ पँट, डोक्यावर पगडी, नजर कॅमेऱ्याच्या जराशी बाजूला. हे पापाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, चाचाजी. मागे गुरुमुखीत एवढंच लिहिलंय : सिंगापूर, 1940.

पापाजी पंजाबातून ट्रान्सपोर्टच्या धंद्यासाठी नाशिकला आले आणि नाशिकचेच झाले. मी इथलीच, गंगापूर रोडची. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या फोटोबद्दल एकच वाक्य ऐकत आले होते : "तोफांची तोंडं समुद्राकडे होती बेटा, आणि जपानी आले मागून. चाचाजी एक गोळा न झाडता गेले." हे सांगताना पापाजींचा आवाज दर वेळी खाली जायचा. मरणापेक्षा त्यांना ते निष्फळपण जास्त खुपत होतं. मागच्या वर्षी आजारपणातून उठल्यावर ते म्हणाले, "तू शिकलेली आहेस, जरा शोध ना, त्यांचं नाव तरी कुठे लिहिलंय का." तिथून सुरुवात झाली.

नाशिकमध्ये राहून तोफखान्यातल्या माणसाचा शोध घ्यायचा तर पहिलं पाऊल देवळालीच्या लष्करी छावणीकडेच पडणार. ओळखीतले एक निवृत्त सुभेदार आहेत, त्यांना फोटो दाखवला. त्यांनी भिंग मागितलं आणि खांद्यावरची पितळी अक्षरं एकेक करून वाचली : एच, के, एस, आर, ए. म्हणाले, "ताई, ही आपल्या फौजेची रेजिमेंट नव्हे. ही हाँगकाँग सिंगापूर रॉयल आर्टिलरी. माणसं पंजाबची, पण पलटण ब्रिटिश लष्कराची. इथल्या रेकॉर्डमध्ये नका शोधू." त्या पाच अक्षरांनी माझे कित्येक महिने वाचवले. कुणी असा शोध घेणार असेल तर आधी खांदा, टोपी, बिल्ला बघा. चेहरा नंतर.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे महायुद्धांत गेलेल्या राष्ट्रकुल सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदवही. ती नेटवर फुकट बघता येते. आडनावाच्या रकान्यात 'सिंग' टाकलं तर हजारो नावं आली. पहिलं नाव टाकलं तर एकही नाही. कारण त्या काळच्या कारकुनाने कानावर पडलं तसं नाव इंग्रजीत उतरवलं होतं. 'गुर' एकाने यू घालून लिहिला, दुसऱ्याने दोन ओ घालून. तीन आठवडे मी रोज रात्री स्वयंपाकघर आवरलं की बसायचे आणि स्पेलिंगं बदलून बघायचे.

वाट सापडली ती गावावरून. भारतीय सैनिकांच्या बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो, आणि तो मजकूरही शोधता येतो. मी 'मोगा' टाकत होते, कारण आमच्या घरी गावाचा जिल्हा मोगाच म्हणतात. पण मोगा जिल्हा झाला 1995 मध्ये. त्याआधी तो भाग फरीदकोट जिल्ह्यात होता, आणि इंग्रज काळात फिरोजपूर जिल्ह्यात. त्यात फिरोजपूरचं तेव्हाचं स्पेलिंगही वेगळंच. ते जुनं स्पेलिंग टाकलं, नावाचा रकाना रिकामा ठेवला, रेजिमेंट निवडली. यादी एका पडद्यात मावेल एवढी झाली. सातव्या ओळीत पापाजींच्या आजोबांचं नाव वडील म्हणून होतं. गनर, म्हणजे तोफखान्यातला साधा सैनिक, 7 कोस्ट रेजिमेंट. तारीख 15 फेब्रुवारी 1942, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचं सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं तोच दिवस. ही तारीख तिथे कितीतरी जणांच्या नावापुढे आहे. रात्रीचा एक वाजला होता. मी पापाजींना उठवलं.

त्यांनी नाव ऐकलं, हात जोडले आणि थोड्या वेळाने विचारलं, "पण गोळा झाडला का?"

या प्रश्नासाठी मला ती रेजिमेंट समजून घ्यावी लागली. सिंगापूरच्या किनाऱ्यावर 15 इंची पाच, 9.2 इंची सहा आणि 6 इंची अठरा तोफा होत्या. पूर्वेकडच्या चांगी भागातल्या 9 कोस्टकडे, बंदराच्या तोंडाच्या आणि पश्चिमेच्या 7 कोस्टकडे. ब्लाकांग माती बेटावर, ज्याला आज सेंटोसा म्हणतात, कॅनॉट बॅटरीच्या (बॅटरी म्हणजे तोफांची एक तुकडी) तीन 9.2 इंची तोफा होत्या. त्या पूर्ण गोल फिरायच्या. 8 फेब्रुवारीच्या रात्री जपानी वायव्येकडून जोहोरची सामुद्रधुनी ओलांडून उतरले, तेव्हा या तोफा समुद्राकडे पाठ करून जमिनीकडे वळल्या आणि टेंगाह विमानतळाच्या बाजूला गोळे टाकू लागल्या. चांगीकडच्या जोहोर बॅटरीच्या 15 इंची तोफाही वळल्या. काही तोफांना मात्र खरोखरच उत्तरेकडे वळता येत नव्हतं. 7 कोस्टच्याच बुओना व्हिस्टा बॅटरीच्या दोन 15 इंची तोफा तशा होत्या.

मग ब्रिटिश हरले कशामुळे, तर तोफखान्यापुरतं उत्तर गोळ्यांत आहे. या तोफा जहाजं फोडण्यासाठी होत्या, म्हणून कोठारात बहुतेक चिलखतभेदी गोळे होते. जहाजाचं पोलाद भेदून आत फुटणारा गोळा भातशेतीत पडला की खोल रुततो आणि वर उभ्या असलेल्या सैनिकांना फारसं काही होत नाही. फुटून विखुरणारे गोळे 9.2 इंचीसाठी अगदी थोडे होते, 15 इंचीसाठी नव्हतेच. ज्या माणसांनी पावणेदोनशे किलोचा एकेक गोळा तोफेत चढवला, त्यांचा यात काय दोष? शरणागतीच्या आधी त्यांनी आपल्याच तोफा सुरुंग लावून फोडल्या, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून. आपण रोज पुसलेली तोफ आपणच फोडायची, हे वाचताना मी थांबले होते.

यंदा आम्ही सिंगापूरला गेलो. क्रांजीच्या स्मारकावर, ज्यांची कबर वा राख मिळाली नाही अशा 24 हजारांहून जास्त जणांची नावं कोरली आहेत. स्तंभाचा नंबर नोंदीत मिळतो, तो कागदावर लिहून न्या, नाहीतर तिथे तासन् तास जातील. आधी रेजिमेंट, मग हुद्दा, मग नाव, असा क्रम असतो. नाव डोक्याच्या वर होतं. माझ्या नवऱ्याने हात उंचावून अक्षरांवरून बोट फिरवलं. दगड उन्हाने तापलेला होता.

दुसऱ्या दिवशी सेंटोसाला फोर्ट सिलोसो पाहिला. हासुद्धा 7 कोस्टचा. खाली किनाऱ्यावर लोक पोहत होते. शरणागतीनंतर जपान्यांनी शहरातल्या चिनी पुरुषांच्या कत्तली केल्या, तेव्हा गोळ्या लागलेली प्रेतं याच किनाऱ्यावर वाहून आली होती. कैदेची वाट पाहणाऱ्या ब्रिटिश गनरांनी त्यातली सुमारे 300 पुरली.

चाचाजी नेमक्या कोणत्या बॅटरीत होते, हे मला अजून मिळालेलं नाही. रेजिमेंटची युद्धकाळातली कागदपत्रं लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये शोधायची आहेत. तोपर्यंत 'झाडला' असं छातीठोकपणे सांगणं बरोबर नाही, आणि मी पापाजींना तसं सांगितलंही नाही. जे कळलं तेच सांगितलं : त्यांच्या रेजिमेंटच्या तोफा वळल्या होत्या आणि त्यांनी मारा केला होता.

पापाजींनी सगळं दोनदा ऐकलं. "किती वजनाचा म्हणालीस गोळा?" मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी फ्रेम उघडायला लावली, फोटो उलटा केला आणि 'सिंगापूर, 1940' च्या खाली, थरथरत्या हाताने, गुरुमुखीत लिहिलं : 7 कोस्ट.