आयसीयूची गॅस पाइपलाइन ताब्यात घेताना: माझा अनुभव

नव्या आयसीयूचं काम संपत आलं तेव्हा मेडिकल गॅस पाइपलाइन तपासून ताब्यात घेण्याचं काम बायोमेडिकल इंजिनिअर म्हणून माझ्याकडे आलं. कंत्राटदाराने प्रेशर टेस्टचा कागद पुढे केला. दाब भरून ठेवला होता, गळती नव्हती. पण पाइपमध्ये नेमका कोणता गॅस आहे, हे त्या कागदावरून कळत नाही, आणि माझी खरी काळजी तीच होती.

तांब्याच्या पाइपचे सांधे ब्रेझिंगने (सांध्यात दुसरा धातू वितळवून) जोडताना आतून नायट्रोजन वाहता ठेवावा लागतो. नाहीतर उष्णतेने आत ऑक्साइडची काळी खपली धरते आणि ती पुढे गॅसबरोबर वाहत जाते. काम संपल्यावर हाच नायट्रोजन पाइपमध्ये उरतो. त्याला ना रंग, ना वास. गुदमरल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते, त्यामुळे शुद्ध नायट्रोजन श्वासात गेला तर माणसाला काही जाणवायच्या आत शुद्ध हरपते. आणि अलार्म पॅनेल? त्याला फक्त दाब कळतो. ४ बार नायट्रोजन आणि ४ बार ऑक्सिजन त्याच्या लेखी सारखेच.

म्हणून सगळ्या लाइन रिकाम्या करून एका वेळी एकाच लाइनमध्ये दाब भरला आणि प्रत्येक बेडवरचं प्रत्येक आउटलेट उघडून पाहिलं. ऑक्सिजनचा प्रोब (आउटलेटमध्ये खुपसायचा जोड) एअरच्या आउटलेटमध्ये बसत नाही, ही सोय चांगलीच आहे. पण भिंतीमागे पाइपच अदलाबदल झाले असतील, तर तीच सोय चूक झाकून टाकते. आमच्याकडे अदलाबदल नव्हती.

मग ऑक्सिजन ॲनालायझर लावला. ऑक्सिजनच्या आउटलेटवर आकडा १०० टक्क्यांच्या जवळ यायला हवा, मेडिकल एअरवर २१च्या आसपास. लाइनच्या टोकाच्या बेडवर मात्र आकडा बराच खाली होता.

"पॅनेलवर तर चार बार दाखवतंय, साहेब," कंत्राटदाराचा माणूस म्हणाला.

त्या फाट्यात नायट्रोजन अडकून राहिला होता. एक्झॉस्ट चालू ठेवून, कारण खोलीत ऑक्सिजन साचला तर आगीचा धोका वाढतो, आम्ही ते आउटलेट आकडा वर येऊन स्थिर होईपर्यंत वाहू दिलं. पांढरं कापड धरून भुकटी येते का, तेही पाहिलं.

अलार्मची तपासणी सोपी जाईल असं वाटलं होतं. नेमून दिलेल्या दाबापेक्षा २० टक्क्यांहून जास्त फरक पडला की अलार्म वाजला पाहिजे, म्हणजे ४ बारच्या लाइनवर ३.२च्या खाली किंवा ४.८च्या वर. झोन व्हॉल्व्ह (ठरावीक बेडांचा गॅस एकदम बंद करणारी झडप) बंद केला, आउटलेटमधून दाब हळूहळू सोडला. बेडवरचा दाब शून्यावर आला तरी पॅनेल हिरवंच. सेन्सर व्हॉल्व्हच्या अलीकडे, पुरवठ्याच्या बाजूला बसवला होता. कोणी चुकून व्हॉल्व्ह बंद केला असता तर पेशंटचा ऑक्सिजन थांबला असता आणि पॅनेलला पत्ताही लागला नसता.

सेन्सर पलीकडे हलवायचा म्हणजे पाइप पुन्हा कापणं, पुन्हा ब्रेझिंग, पुन्हा नायट्रोजन. त्यामुळे त्या भागाच्या सगळ्या चाचण्या नव्याने घ्याव्याच लागणार होत्या. कंत्राटदाराला वाटत होतं, एवढ्याशा तुकड्यासाठी कशाला? मी अडून बसलो, आणि आजही तसाच अडेन.

हस्तांतराच्या वेळी सर्वांत नेमका प्रश्न इन्चार्ज सिस्टरांनी विचारला: "आग लागली आणि हा व्हॉल्व्ह बंद केला, तर नक्की कोणकोणते बेड बंद होणार?" नकाशातले क्रमांक आणि वॉर्डातले बेड नंबर जुळतच नव्हते. मग त्यांच्यासोबत एकेक व्हॉल्व्ह बंद करून बेड पडताळले, खरे नंबर व्हॉल्व्हच्या पेटीवर लावले, आणि बंद करण्याआधी पेशंटना सिलिंडरवर घ्यायचं, हेही तिथेच लिहिलं. प्रत्येक आउटलेटचा ॲनालायझरवरचा आकडा अहवालाला जोडला आणि मग सही केली.