पांढरी दोन आणि एक कोमल गंधार

चरईतल्या ज्या घरी आमचा नऊ जणांचा गायनवृंद दर शनिवारी सरावाला बसतो, तिथे गेला दीड महिना पाश्चात्त्य संगीतकार मोत्सार्टची ‘आवे वेरुम कोर्पुस’ ही लॅटिन प्रार्थना चालली आहे. रचना जेमतेम ४६ बारांची (बार म्हणजे स्वरलिपीतला ठरावीक मात्रांचा खंड) आहे आणि एकेकट्या आवाजाला त्यात काही अवघड नाही; तरीही परवापर्यंत ती बसत नव्हती, आणि दोष लयीचा होता.

स्वरलिपीच्या माथ्यावर ‘अदाज्यो’, म्हणजे संथ, असे लिहिलेले आहे. आधी ख्याल शिकून मग इकडे वळलेल्या माझ्यासारख्याला संथ म्हटले की विलंबितच आठवतो, त्यामुळे मीच आग्रहाने मोबाइलच्या मेट्रोनोमवर मिनिटाला ४० ठोके लावले होते. बारात चार मात्रा धरल्या तर १८४ मात्रा होतात, म्हणजे साडेचार मिनिटांहून अधिक. ‘इम्मोलातुम’ या शब्दापर्यंत पोहोचताना पुरुषांचा दम संपायचा. शेवटी सरांनी तालचिन्हावर बोट ठेवले. ते उभ्या रेघेने कापलेल्या ‘सी’चे आहे, तेव्हा बारात ठोके चार नव्हे, दोनच मोजायचे. तसे मोजू लागताच गाणे तीन मिनिटांच्या आसपास आले, आणि आश्चर्य असे की ते आधीपेक्षा अधिक शांत वाटू लागले.

पट्टी डी मेजरची, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी दोन. त्या काळच्या तुताऱ्या या पट्टीत खणखणीत वाजत, म्हणून नगारे-तुताऱ्यांच्या उत्सवी संगीतासाठी ती सर्रास घेतली जाई. इथे मात्र साथीला फक्त तंतुवाद्ये आणि ऑर्गन आहेत, आणि आरंभीच ‘सोत्तो व्होचे’, दबक्या आवाजात, अशी सूचना आहे. हे गीत मोत्सार्टने १७ जून १७९१ रोजी पुरे केले आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला तो गेला, म्हणून त्यात मृत्यूची सावली शोधण्याची हौस अनेकांना असते. मला ती पटत नाही. बाडेन गावच्या चर्चमधील गायनप्रमुख आंतोन श्टोल या मित्रासाठी, कॉर्पुस क्रिस्ती या कॅथलिक सणाकरिता ते लिहिलेले आहे.

भाव कुठून येतो ते स्वरांतच दिसते. दुसऱ्या ‘आवे’वर सोप्रानोचा, म्हणजे स्त्रियांचा सर्वांत उंच, आवाज पंचमावरून तीव्र मध्यमावर आणि तिथून लगेच शुद्ध मध्यमावर उतरतो. दोन्ही मध्यम लागोपाठ घेण्याची सवय आपल्या कानाला ललत रागामुळे आहे, पण इथे ते इतक्या हळुवारपणे येतात की ऐकणाऱ्याला केवळ काहीतरी किंचित ओलावल्यासारखे वाटते. पुढे ख्रिस्ताच्या विद्ध कुशीतून पाणी आणि रक्त वाहिल्याची ओळ येते, तेव्हा शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार उभा राहतो आणि गाणे काही क्षण त्यालाच षड्ज करून एफ मेजरमध्ये जाते. हीसुद्धा मेजरच पट्टी आहे. वेदनेच्या ओळीला मायनरचा, म्हणजे उदास मानल्या जाणाऱ्या पट्टीचा, सरळ रस्ता न घेता हा आडमार्ग घेणे मला फार मोठ्या कारागिराचे लक्षण वाटते.

त्यानंतर ‘एस्तो नोबिस’ या शब्दांना स्त्रियांचे आवाज आधी निघतात आणि पुरुषांनी त्यांच्या मागून यायचे असते. परवा आम्ही पुरुष एक बार आधीच निघालो. पुन्हा सुरुवात करण्यापूर्वी मी कागदावर त्या एफ स्वराखाली पेन्सिलीने ‘कोमल ग’ लिहून ठेवले, तेव्हा शेजारच्या काकूंनी स्वतःचा कागदही निमूटपणे माझ्यापुढे सरकवला.