धुक्यातला रस्ता, नोंद पुढची: आउटपुटचा हिशेब

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला गाडीचा शॉट पूर्ण रेंडर झाला, म्हणजे त्याची चित्रं तयार झाली. १९२० बाय १०८०, २४ एफपीएस (सेकंदाला २४ फ्रेम), २४० फ्रेम. मॉडेल आणि लायटिंग जिथल्या तिथे आहेत. या खेपेचं सगळं काम फाइल फॉरमॅटचं.

थेट एमपी४ काढणं मी टाळतोच. त्याचा इंडेक्स (कुठली फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे याची यादी) सहसा अगदी शेवटी लिहिला जातो, त्यामुळे रेंडर मध्येच बंद पडलं की फाइल उघडतच नाही. इमेज सिक्वेन्स, म्हणजे प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र, असेल तर राहिलेल्या फ्रेमपासून पुढे चालू.

पीएनजी की ओपनईएक्सआर, याचा निकाल हेडलाइटने लावला. पडद्यावरचा पांढरा म्हणजे १ धरला, तर दिव्याच्या मध्यभागी उजेडाची व्हॅल्यू ४० च्या आसपास जाते. पीएनजीत सगळं १ ला कापलं जातं. १६ बिट घेतले तरी पायऱ्या बारीक होतात, वरची हद्द तीच राहते. कॉम्पमध्ये (रेंडरनंतर थर जुळवताना) एक्स्पोजर तीन स्टॉप उतरवा, म्हणजे उजेड तीनदा निम्मा करा: ईएक्सआरमधल्या ४० चे ५ होतात, दिवा पांढराशुभ्रच. पीएनजीमधल्या १ चे ०.१२५ होतात आणि दिव्याच्या जागी मेलेला राखाडी ठिपका उरतो. शिवाय ब्लेंडर पीएनजीत एजीएक्सचा (पडद्यासाठी रंग बसवणारी त्याची सेटिंग) लुक भाजूनच देतो, ईएक्सआरमध्ये आकडे लिनिअर, म्हणजे प्रकाशाच्या प्रमाणातच, राहतात.

रंगाला हाफ फ्लोट (१६ बिटांचा दशांश आकडा) भरपूर झाला, ६५५०४ पर्यंत जातो. झेड पासचं, म्हणजे कॅमेऱ्यापासूनच्या अंतराच्या थराचं, गणित वेगळं. हाफमध्ये अपूर्णांकाला १० बिट मिळतात, म्हणजे ६४ ते १२८ मीटरच्या पट्ट्यात लागोपाठच्या दोन व्हॅल्यूंमध्ये सव्वासहा सेंटिमीटरचं अंतर. नुसतं धुकं चढवायचं असेल तर हे खपून जातं. मला मात्र झेडवरून नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ती दिशा) काढून ओल्या रस्त्यावर नवा प्रकाश टाकायचा होता, आणि तिथे या पायऱ्या लगेच दिसतात. म्हणून रंग १६ बिट, झेड ३२ बिट. ईएक्सआरमध्ये चॅनेलगणिक प्रकार बदलता येतो. क्रिप्टोमॅट (एकेक वस्तू वेगळी निवडायचा मास्क देणारा पास) हाही ३२ बिट आणि लॉसलेसच, म्हणजे काहीही न गमावता दाबलेला, हवा: वस्तूच्या नावापासून काढलेला हॅश त्यात आकडा म्हणून बसतो, तो जरा जरी गोल झाला की मास्क गेला.

रंग आणि झेड धरून एक फ्रेम कॉम्प्रेशनशिवाय साधारण २५ एमबी, सगळ्या मिळून ६ जीबी. ईएक्सआरचं लॉसलेस झिप कॉम्प्रेशन लावलं की कमी होतं, पण रेंडरमध्ये नॉइज (दाणेदारपणा) असेल तर फार आशा नको. डिनॉइज आधी करा.

प्रिव्ह्यूसाठी जिफ काढली आणि लगेच उडवली. २५६ रंगांत धुक्याचे पट्टे पडतात हे सगळ्यांना माहीत असतं, वेळेची गोची कमी जणांना. जिफमधला डिले सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. २४ एफपीएसला ४.१७ हवेत, मिळतात ४. दहा सेकंदांचा शॉट ९.६ सेकंदांत संपतो. गंमत म्हणजे एफएफएमपेगला (व्हिडिओ बनवणारा कमांड-लाइन प्रोग्राम) सिक्वेन्स देताना फ्रेमरेट सांगितला नाही तर तो २५ धरतो, तिथेही तेच ९.६! एपीएनजीत (हलत्या पीएनजीत) डिले अपूर्णांकात लिहितात, सरळ १/२४. फाइल जड होते, पण धुकं धुक्यासारखं दिसतं.

आता रंगाचा पास वेगळ्या फाइलमध्ये डीडब्ल्यूएए या ईएक्सआरच्याच दुसऱ्या कॉम्प्रेशनने दाबून पाहणार आहे. ते लॉसी आहे, म्हणजे थोडी माहिती गमावतं, त्यामुळे हेडलाइटच्या कडा ४०० टक्के झूम करून झिपशी ताडून बघेन. फरक दिसला तर क्रॉप टाकतो.