कबुलीचा रकाना: तिढा सुटला, निदान अर्धा

'ॲडोलसन्स', 'दिल्ली क्राइम'चा पहिला सीझन आणि 'पाताल लोक'चा पहिला सीझन ज्यांचा राहिलाय त्यांनी इथूनच माघारी फिरावं. पुढे बरंच फोडलंय, मागाहून कुरकुर चालणार नाही.

गुन्ह्यांच्या मालिकांना गुण द्यायला मी वहीत रकाने आखतो. पेर (आधी टाकलेले धागेदोरे), उगवण (ते पुढे कसे कामी येतात), संशयित, तपास आणि शेवट हे पाच रकाने आता हाताला बसलेत. भाग संपला की थांबवायचं, पुढचा आपोआप सुरू व्हायच्या आत वहीत संशयिताचं नाव लिहायचं, मगच पाणी प्यायला उठायचं. अडून बसला होता तो सहावा रकाना, कबुलीचा. पावसाळाभर त्याने डोकं खाल्लं. परवा 'दिल्ली क्राइम' पुन्हा लावली आणि वाट दिसली, म्हणून ही नोंद.

तिढा जुन्या मंडळींना माहीत आहेच. ठरावीक मालिकेत सात भाग नुसती धावपळ. आठव्यात अंधारी खोली, डोक्यावर लोंबता दिवा. अधिकारी खुर्ची ओढून बसतो, दोन वाक्यं बोलतो आणि समोरचा घडाघडा सगळं ओकतो, अगदी लहानपणापासून, फ्लॅशबॅकसकट. आपण सुन्न, नटाची वाहवा. याला गुण द्यायचे कसे? नाशिकच्या आमच्या गंगापूर रोडच्या कंपूत दोन तट पडले. एकांचं म्हणणं, अभिनय बघा, कायदा कशाला काढता? दुसरा तट म्हणजे वकील ताई एकट्याच, पण त्या जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं चालवतात, त्यामुळे मतांचं वजन आपोआप वाढतं. मिसळीचा दुसरा पाव मोडता मोडता त्या म्हणाल्या, "पोलिसांपुढे तो काय बोलला ते मला सांगू नकोस. त्याने काय काढून दिलं ते सांग."

सगळी मेख तिथेच आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते कलम २३ मध्ये आलं. अपवाद जुन्या कलम २७ चा, तोही २३ मध्येच सामावलाय. कोठडीतल्या आरोपीने माहिती दिली आणि तिच्यामुळे एखादी गोष्ट हाती लागली, तर त्या गोष्टीशी थेट जोडलेलं तेवढंच बोलणं ग्राह्य. प्रिव्ही कौन्सिलच्या (इंग्रजांच्या राज्यातलं सगळ्यात वरचं अपील न्यायालय) एका जुन्या निकालात ही रेघ अगदी नेमकी ओढलेली आहे. 'घराच्या छपरात चाकू लपवलाय, काढून देतो' हे चालतं. 'ज्याने मी त्याला भोसकलं' हा तुकडा गळतो. म्हणजे मालिकेतला तो दहा मिनिटांचा कळस कोर्टात शून्य, आणि ज्याला दिग्दर्शक दोन सेकंदही देत नाही तो मेमोरंडम पंचनामा (आरोपी काय काढून देतो म्हणाला ते पंचांसमोर लिहून घेतलेला कागद) सोन्यासारखा. दोन पंच, आरोपी पुढे, बाकी मागे, विहिरीच्या कडेला कुदळ. एवढं जिवंत दृश्य असून ते धड दाखवलेलं क्वचितच दिसतं.

यावर मी आधी 'कबुली वजा' पद्धत लावली होती. शेवटचं भाषण कापायचं आणि उरलेल्या पुराव्यावर आरोपपत्र उभं राहतं का ते बघायचं. ऐकायला झकास, पण त्या चाळणीतून काहीच खाली येईना. भिकार मालिका पडल्या ते ठीक, चांगल्याही पडायला लागल्या. त्यात 'ॲडोलसन्स'ने तर रकानाच गोठवला. चार भाग, प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये, आणि पहिल्याच भागाच्या अखेरीस पोलीस सीसीटीव्हीचं चित्रण बाप-लेकापुढे ठेवतात. तेरा वर्षांचा जेमी तोवर नाही नाही म्हणत असतो. शेजारी वकील आणि बाप, बोलणं ध्वनिमुद्रित. ब्रिटनमध्ये अशी मुलाखत कोर्टात वापरता येते, आपलं कलम २३ तिथे लागूच नाही. 'कोण' हा प्रश्न तासाभरात संपला. संशयितांचा रकाना कोरा. गुन्हा मान्य करायचं तो बापाला फोनवर सांगतो तेव्हा चौथा भाग चाललेला असतो आणि आपलं लक्ष त्याच्याकडे नसून गाडीतल्या तीन चेहऱ्यांकडे असतं. इथे काय वजा करणार?

मग 'दिल्ली क्राइम'. २०१९ चा सीझन, शेफाली शाहचा, ज्याला पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय एमी मिळालं. सीसीटीव्हीवरून पांढरी बस शोधतात, पहिला आरोपी हाती लागतो आणि तो बोलतो. अंगावर काटा येईल असं बोलतो. पण मालिका तेव्हा कुठे सुरू होत असते! बाकीचे आरोपी धरायचेत, जप्ती करायचीय, नमुने पाठवायचेत, पंच उभे करायचेत, आणि बाहेर लोक पेटलेत. आरोपी बोललाय ते कोर्टात टिकणार नाही याची जाणीव त्या पोलिसांच्या प्रत्येक हालचालीत आहे.

तर रकान्यात 'कबुली आहे का' हे लिहायचंच नाही. 'कबुलीनंतर किती काम शिल्लक' हे लिहायचं. जागा महत्त्वाची. लवकर आली तर ती तपासाला कामाला लावते, शेवटी आली तर तपासाची सुट्टी करते. रात्री साडेबाराला हे सुचलं तेव्हा घरातल्यांना उठवून सांगावंसं वाटलं. नाही उठवलं.

नवीन मापाने जुनी पानं चाळली आणि गंमत वाटली. 'पाताल लोक'चा पहिला सीझन वर सरकला. चौघं पुलावर पहिल्याच भागात पकडले जातात आणि हथौडा त्यागी तोंडच उघडत नाही, म्हणून तर पोलीस अधिकारी हाथीराम चौधरीला चित्रकूटपर्यंत जावं लागतं. आरोपीचं मौन हेच इंजिन. 'दहाड'ही वर गेली. खुनी कोण ते आपल्याला फार लवकर कळतं, पोलीस अधिकारी अंजली भाटीला मात्र ते सिद्ध करायचंय, आणि सायनाइडने मेलेल्या बायका आत्महत्या म्हणून आधीच फायलीत बंद झाल्यात. आठ भाग जरा ताणलेत हे मत मी बदलणार नाही, सहात संपली असती. 'कोहरा'बद्दल कंपूत भांडण होईल, पण मी तिला पहिल्या तीनात ठेवतो. कोठडीतली मारहाण इथे मर्दुमकी म्हणून दाखवलेली नाही, आणि मारून घेतलेल्या बोलण्याची किंमत काय ते पोलिसाच्या भूमिकेतल्या सुविंदर विकीच्या थकलेल्या डोळ्यांत दिसतं.

उरलेला अर्धा तिढा आपल्या मराठीतलाच आहे. 'मानवत मर्डर्स'. परभणी जिल्ह्यातलं १९७२ ते ७४ चं प्रकरण, तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवर बेतलेली मालिका, आशुतोष गोवारीकर कुलकर्णींच्या भूमिकेत. गोवारीकरांचा संथपणा मला आवडला, मकरंद अनासपुरेंना विनोदाबाहेर पाहणं तर मेजवानीच. पण गुण देताना पेन अडतं. या खटल्यात मॅजिस्ट्रेटपुढच्या कबुल्या होत्या, माफीचा साक्षीदार होता. मॅजिस्ट्रेटपुढची कबुली ग्राह्य असते, ती 'शून्य' धरता येत नाही. पण ती स्वेच्छेने दिलीय याची खातरजमा मॅजिस्ट्रेटने करायला हवी, आणि माफीच्या साक्षीदाराच्या बोलण्याला प्रत्येक आरोपीपुरता स्वतंत्र दुजोरा लागतो. याच खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निकाल या दोन्ही मुद्द्यांवर वकील आजही पुढे करतात, असं ताई म्हणाल्या. तेव्हा माझ्या रकान्यात आता तीन कप्पे हवेत: पोलिसांपुढची, मॅजिस्ट्रेटपुढची, माफीच्या साक्षीदाराची. तिसऱ्या कप्प्याचं माप अजून बसत नाही. साक्षीदार स्वतःच गुन्ह्यातला भागीदार असेल तर त्याच्या फ्लॅशबॅकवर प्रेक्षकाने किती विश्वास ठेवायचा? कॅमेरा तर त्याचं सगळं खरं असल्यासारखंच दाखवतो.

मालिका पाहायच्या साधनांबद्दल थोडं. मूळ भाषेतच पाहा, हे परत सांगतो. 'पाताल लोक'च्या दुसऱ्या सीझनमध्ये हाथीरामला नागालँडमध्ये जे परकेपण जाणवतं ते डबिंगमध्ये धुऊन निघेल. एका ॲपवर दहा सेकंद मागे जायचं बटण दाबलं की जाहिरात लागते. पेर तपासणाऱ्या माणसाने काय करावं? तिथली वर्गणी बंद केली. वहीसाठी मेन रोडवरची दोनशे पानी लांब वहीच उत्तम, फोनवर टिपणं करणाऱ्यांना पडद्यावरच्या पेरा दिसत नाहीत.

पुढचा बेत तमिळ मालिकांचा ठरला होता. तो आता पुढे ढकलतो, आधी 'मानवत' पुन्हा, बाजूला निकालाची प्रत ठेवून. ताई प्रत देणार आहेत.

आणि हे लिहितानाच एक सुचलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली) झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण करायचं आहे, शक्यतो मोबाइलवरच. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याचीही तरतूद आहे. म्हणजे जुलै २०२४ नंतर घडणाऱ्या कथेत एखाद्या हवालदाराच्या हातात फोन हवाच. त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीतून बाहेर पडणाऱ्या नव्या फौजदारांना हे शिकवत असतील, पटकथाकारांना कोण शिकवणार? तर सातवा रकाना: 'फोन कुणाच्या हातात?' तमिळच्या आधी की नंतर, ते रविवारी ठरवू. अलीकडच्या काळातली, पंचनाम्याचं चित्रण करताना दाखवणारी एखादी मालिका कुणाच्या पाहण्यात आली असेल तर नाव आणि भाग क्रमांक कळवा. शेवट सांगू नका.